सिंचनासाठी भूजलाची प्रत : परीक्षण, वर्गीकरण आणि नकाशा
(पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्याच्या संदर्भात)

विदर्भातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा एक सपाट पट्टा पसरलेला आहे. जमीन खोल, काळी आणि दिसायला सुपीक आहे. पाऊस वर्षाला साधारणतः ७०० ते ८५० मिलीमीटर पडतो आणि जमिनीखाली पाणीही आहे. तरीही येथील अनेक शेतकरी विहिरीचे पाणी पिकाला देण्यास धजावत नाहीत. लोकभाषेत या भागाला ‘खारपाण पट्टा’ म्हणतात. हे नाव प्रयोगशाळेने दिलेले नाही. पाणी दिल्यावर जमीन बिघडते, हा पिढ्यांचा अनुभव त्या नावात साठलेला आहे.

मात्र ‘खारे’ आणि ‘गोडे’ एवढ्या दोन शब्दांवर आजचे निर्णय घेता येत नाहीत. कूपनलिका खोदावी की शेततळे करावे, हरभऱ्याला एक पाणी द्यावे की तीन, जिप्सम किती टाकावे, या प्रश्नांची उत्तरे पाण्यातील क्षारांच्या प्रकारावर अवलंबून असतात. निर्णय चुकला तर केवळ एका हंगामाचे नुकसान होत नाही. भारी काळी जमीन एकदा चोपण झाली की ती पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणूनच भूजलाचे परीक्षण आणि त्यावर आधारलेला नकाशा हे विस्तार कार्यकर्त्याच्या हातातील महत्त्वाचे साधन ठरते.

समस्येचे मूळ

उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड रांगा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील खोलगट भागात नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर साचून पूर्णेचे खोरे तयार झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि रेती यांचे जाडेभरडे थर आहेत. तेथे पाणी सहज मुरते आणि हलते राहते. अचलपूर, अंजनगाव सुर्जी या भागांतील संत्रा बागा याच पाण्यावर उभ्या आहेत. नदीकडे सरकावे तसा गाळ बारीक होत जातो, उतार जवळजवळ संपतो आणि निचरा मंदावतो. दर्यापूर, अकोला, शेगाव या तालुक्यांतील खारपाणाची गावे याच सपाट भागात येतात.

निम-शुष्क हवामानात बाष्पीभवन अधिक असल्याने जमिनीतील कॅल्शियमचे कार्बोनेटशी संयोग होऊन चुन्याचे खडे बनतात. द्रावणातील कॅल्शियम असे कमी होत गेले की सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते. येथील जमिनीच्या खालच्या थरांत हा बदल सिंचन सुरू होण्यापूर्वीपासून नैसर्गिकरीत्या घडत आला आहे. आधीच सोडियमकडे झुकलेल्या जमिनीवर सोडियमयुक्त पाणी पडले की बिघाडाचा वेग वाढतो.

केवळ ईसी पाहणे का पुरेसे नाही

पाण्यातील एकूण क्षारांचे मोजमाप विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ईसीवरून होते. खिशात मावणाऱ्या मीटरने ती शेतावरच मोजता येते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी परीक्षण ईसीपाशीच थांबते. ईसी २ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी आली की पाणी ‘चांगले’ ठरवले जाते. खारपाण पट्ट्यातील सर्वांत महागडी चूक येथेच होते.

क्षार किती आहेत याबरोबरच ते कोणते आहेत हेही पाहावे लागते. त्यासाठी दोन मापे आवश्यक आहेत. पहिले सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या तुलनेत सोडियम किती वरचढ आहे, हे त्यावरून कळते. दुसरे अवशिष्ट सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी. पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली की ते मिळते. हा आकडा धन असेल तर असे पाणी जमिनीत गेल्यावर कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसते आणि सोडियमला मोकळे रान मिळते.

कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने भारतीय परिस्थितीसाठी या तिन्ही मापांवर आधारलेले वर्गीकरण दिले आहे. त्यात ईसी डेसिसायमन प्रति मीटरमध्ये आणि आरएससी मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये धरले जाते.

• चांगले पाणी : ईसी २ पेक्षा कमी, एसएआर १० पेक्षा कमी, आरएससी २.५ पेक्षा कमी.
• किंचित क्षारयुक्त : ईसी २ ते ४, एसएआर १० पेक्षा कमी, आरएससी २.५ पेक्षा कमी.
• क्षारयुक्त : ईसी ४ पेक्षा अधिक, एसएआर १० पेक्षा कमी, आरएससी २.५ पेक्षा कमी.
• उच्च एसएआर असलेले क्षारयुक्त : ईसी ४ पेक्षा अधिक, एसएआर १० पेक्षा अधिक, आरएससी २.५ पेक्षा कमी.
• किंचित अल्कधर्मी : ईसी ४ पेक्षा कमी, एसएआर १० पेक्षा कमी, आरएससी २.५ ते ४.
• अल्कधर्मी : ईसी ४ पेक्षा कमी, एसएआर १० पेक्षा कमी, आरएससी ४ पेक्षा अधिक.
• अति अल्कधर्मी : ईसी कितीही, एसएआर १० पेक्षा अधिक, आरएससी ४ पेक्षा अधिक.

एक उदाहरण

समजा, एका कूपनलिकेच्या पाण्याची ईसी १.८ आहे. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये कॅल्शियम १.५, मॅग्नेशियम २.५, सोडियम १४, पोटॅशियम ०.१, कार्बोनेट ०.५, बायकार्बोनेट ८.५, क्लोराइड ६.५ आणि सल्फेट २.५ आहे.

प्रथम अहवाल विश्वासार्ह आहे का, हे पाहावे. धन आयनांची बेरीज १८.१ आणि ऋण आयनांची १८.० येते. दोहोंतील फरक त्यांच्या एकत्रित बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. शिवाय ईसीला १० ने गुणले असता धन आयनांच्या बेरजेच्या जवळचा आकडा यावा. येथे तो १८ येतो. दोन्ही कसोट्या उतरल्या. त्या न उतरल्यास नमुना पुन्हा तपासून घ्यावा. चुकीच्या अहवालावर शिफारस करण्यापेक्षा काही दिवस थांबणे बरे.

आता आरएससी : ०.५ अधिक ८.५ म्हणजे ९.०, त्यातून १.५ व २.५ यांची बेरीज ४.० वजा केली की ५.० उरतात. एसएआर काढताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या बेरजेची निमपट, म्हणजे २, घेऊन तिच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने, सोडियमच्या १४ ला भागावे. उत्तर ९.९ येते. केवळ ईसी पाहून ‘चांगले’ ठरलेले हे पाणी प्रत्यक्षात ‘अल्कधर्मी’ वर्गात मोडते. जिभेला ते फारसे खारट लागत नाही, पिकावर पहिल्या वर्षी वाईट परिणामही दिसत नाही आणि म्हणूनच ते अधिक फसवे असते.

अहवाल मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल तर कॅल्शियमला २०, मॅग्नेशियमला १२.२, सोडियमला २३, कार्बोनेटला ३० आणि बायकार्बोनेटला ६१ ने भागून मिलीइक्विव्हॅलंट मिळवावेत.

बिघाड पावसाळ्यात का दिसतो

अशा पाण्याने रब्बी पीक घेतले असता चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा हळूहळू सोडियम घेतो. मात्र सिंचन चालू असेपर्यंत पाण्यातील क्षारच मातीचे कण एकत्र धरून ठेवतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर चित्र पालटते. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य असतात. ते जमिनीच्या पृष्ठभागातील क्षार धुऊन नेते, परंतु कणांना चिकटलेला सोडियम तेथेच राहतो. मग माती विस्कटते, बारीक कण छिद्रांत अडकतात, पाणी साचून राहते आणि वाळल्यावर टणक पापुद्रा धरतो. कपाशी, सोयाबीनची उगवण विरळ होते आणि वाफसा वेळेवर येत नाही. दोष पावसाला दिला जातो, प्रत्यक्षात बिघाडाची सुरुवात मागील रब्बीत झालेली असते.

चोपण जमीन ठरविण्यासाठी विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्के ही मर्यादा जगभर वापरली जाते. पूर्णा खोऱ्यातील काळ्या जमिनींच्या अभ्यासात मात्र हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच पाणी मुरण्याची गती लक्षणीय मंदावल्याचे आढळले आहे. फुगणाऱ्या चिकणमातीच्या जमिनीला थोडासा सोडियमही पुष्कळ होतो. त्यामुळे या भागात मर्यादेच्या काठावरील पाणीही सावधपणेच वापरावे.

जमिनीचा पोत बदलला की निकषही बदलतो. सोडियम मर्यादेत असलेले, परंतु क्षारयुक्त पाणी घेतले तर ५५० ते ७५० मिलीमीटर पावसाच्या प्रदेशात मध्यम सहनशील पिकांसाठी ३० टक्क्यांहून अधिक चिकणमाती असलेल्या जमिनीत ईसी ३ पर्यंत चालते. १० टक्क्यांहून कमी चिकणमाती असलेल्या रेताड जमिनीत मात्र हीच मर्यादा ९ पर्यंत जाते. राजस्थान किंवा हरियाणातील वालुकामय जमिनीवरचा अनुभव विदर्भाच्या काळ्या जमिनीला जसाच्या तसा लागू करता येत नाही, तो यामुळेच.

नमुना घेताना

नकाशा कितीही आकर्षक असला तरी त्याची किंमत नमुन्यांवर ठरते. पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

१. पंप किमान १५ ते २० मिनिटे चालवून नंतरच नमुना घ्यावा. पाइपात व विहिरीत साचलेले पाणी थरातील पाण्याचे प्रतिनिधित्व करीत नाही.
२. अर्धा ते एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी. खताची, कीटकनाशकाची किंवा शीतपेयाची बाटली वापरू नये.
३. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी. आत हवा राहिल्यास अल्कधर्मी पाण्यातील सामू वाढतो, चुना तळाशी बसतो आणि कॅल्शियम व बायकार्बोनेटचे आकडे बदलतात. नमुना सावलीत ठेवून शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा.
४. बाटलीवरील चिठ्ठीत गाव, गट क्रमांक, तारीख, विहीर की कूपनलिका, एकूण खोली, पाण्याची पातळी आणि मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश लिहावेत. किती वर्षांपासून सिंचन होत आहे आणि कोणती पिके घेतली जातात, याचीही नोंद असावी.
५. एकाच विहिरीचे नमुने पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावेत. मे महिन्यातील नमुना सर्वांत प्रतिकूल स्थिती दाखवतो, तर पावसाळ्यानंतरचा नमुना रब्बीच्या नियोजनास उपयोगी पडतो.

नमुन्यांपासून नकाशापर्यंत

विहिरी हे नकाशावरील बिंदू असतात. दोन बिंदूंमधील भागाचा अंदाज भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने बांधला जातो. जवळच्या विहिरीला अधिक आणि दूरच्या विहिरीला कमी महत्त्व देणारी सोपी पद्धत लहान क्षेत्रासाठी चालते. क्रिगिंग या पद्धतीत अंतराबरोबर फरक कसा वाढतो याचा आधी अभ्यास केला जातो आणि कोणत्या भागातील अंदाज अनिश्चित आहे, हेही नकाशावर दाखवता येते. विस्तार कार्यकर्त्याने हे गणित स्वतः करणे आवश्यक नाही, परंतु नकाशा तयार करणाऱ्याला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

उथळ विहिरी आणि खोल कूपनलिका यांचे आकडे एकत्र मिसळले आहेत का? एकाच शेतातील १५ मीटर खोल विहीर आणि १०० मीटर खोल कूपनलिका दोन वेगळ्या थरांतून पाणी घेतात. त्यांच्या सरासरीला काहीच अर्थ उरत नाही. दोहोंचे नकाशे स्वतंत्र असावेत.

भूस्तराची सीमा ओलांडून अंदाज बांधला आहे का? सातपुड्याच्या पायथ्याची गोड्या पाण्याची विहीर आणि गाळाच्या सपाटीवरील खाऱ्या पाण्याची विहीर यांच्यामध्ये संगणक सरळ उतरंड काढून मोकळा होतो. प्रत्यक्षात सीमेवर बदल झपाट्याने होऊ शकतो. प्रत्येक भूस्तराचा अंदाज वेगळा काढणे श्रेयस्कर.

वर्गांचीच सरासरी काढली आहे का? पहिला वर्ग आणि तिसरा वर्ग यांच्यामध्ये दुसरा वर्ग असतोच, असे नाही. ईसी, एसएआर आणि आरएससी यांचे तीन नकाशे वेगवेगळे करून नंतर ते एकमेकांवर ठेवावेत आणि मग वर्ग ठरवावा.

पडताळणी झाली आहे का? दर पाच विहिरींपैकी एक विहीर बाजूला ठेवून उरलेल्यांवरून नकाशा करावा आणि बाजूला ठेवलेल्या विहिरीचा अंदाज प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहावा. फरक मोठा असल्यास त्या भागात अधिक नमुने घ्यावे लागतात.

शेवटी पाण्याच्या नकाशावर जमिनीचा नकाशा ठेवावा. मध्यम प्रतीचे पाणी उथळ, निचऱ्याच्या जमिनीत चालू शकते, तेच खोल काळ्या जमिनीत धोक्याचे ठरते. केवळ पाण्याच्या प्रतीचा नकाशा अर्धीच गोष्ट सांगतो.

नकाशावरून निर्णय

पहिला निर्णय पाण्याच्या स्रोताचा. खोल थरातील पाणी अल्कधर्मी असल्याचे नकाशा दाखवत असेल तर कूपनलिकेवर खर्च करण्यापूर्वी शेततळ्याचा विचार व्हावा. पावसाचे साठवलेले पाणी हेच खारपाण पट्ट्यातील सर्वांत भरवशाचे गोडे पाणी आहे. २०१८ पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील ९३२ खारपाण गावांचा स्वतंत्रपणे समावेश झाला, त्यामागे या भागाच्या पाण्याची ही वेगळी अडचण आहे. शेततळ्याचा तळ खाऱ्या भूजलाच्या पातळीच्या वर राहील, एवढी काळजी घ्यावी.

दुसरा निर्णय पीक आणि पाण्याच्या पाळ्यांचा. गोडे पाणी थोडे असेल तर ते उगवणीच्या आणि रोपावस्थेत वापरावे, कारण त्या काळात पीक सर्वांत नाजूक असते. विहिरीचे पाणी वापरायचेच असेल तर ते नंतरच्या अवस्थेत, गोड्या पाण्याशी आलटून पालटून द्यावे. हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये क्षारांना संवेदनशील आहेत, तर कपाशी, बार्ली आणि मोहरी तुलनेने सहनशील आहेत. ठिबक संच असल्यास अल्कधर्मी पाण्यामुळे तोट्यांत चुना साचतो, हेही लक्षात ठेवावे.

तिसरा निर्णय जिप्समचा. वरील उदाहरणात आरएससी ५.० वरून २.५ वर आणायचा आहे, म्हणजे २.५ मिलीइक्विव्हॅलंटचा निरास करायचा आहे. एका मिलीइक्विव्हॅलंटसाठी दर घनमीटर पाण्याला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते, म्हणून २.५ साठी २१५ ग्रॅम. एक हेक्टरला ५ सेंटिमीटरची पाळी म्हणजे ५०० घनमीटर पाणी, अर्थात प्रत्येक पाळीला सुमारे १०८ किलो शुद्ध जिप्सम. बाजारातील जिप्सम ७० टक्के शुद्ध असेल तर सुमारे १५४ किलो, म्हणजे एकरी साधारण ६२ किलो. चार पाळ्यांचे हेक्टरी सहा क्विंटलांहून अधिक होते. हा केवळ पाण्याचा हिशेब झाला. जमिनीत आधीच साठलेल्या सोडियमसाठी मातीपरीक्षणानुसार वेगळी मात्रा द्यावी लागते. निरास झालेला सोडियम मुळांच्या खाली जाण्यासाठी निचऱ्याची सोय नसेल तर जिप्समचा लाभ टिकत नाही. धैंचा किंवा तागाचे हिरवळीचे खत आणि सेंद्रिय पदार्थ यांची जोड दिल्यास जमिनीची घडण सुधारण्यास मदत होते.

पाणी क्षारयुक्त असून आरएससी शून्य किंवा ऋण असेल, तर अडचण एकूण क्षारांची असते. तेथे पाण्याच्या सुधारणेसाठी जिप्सम टाकणे हा वाया जाणारा खर्च ठरतो. निचरा, पिकाची निवड आणि गोड्या पाण्याची जोड हेच त्यावरचे उपाय आहेत. दोन्ही पाणी ‘खारेच’ म्हटली जातात, उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

शेतावरील सोपी खूण

अहवाल येईपर्यंत एक साधी चाचणी करता येते. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात मातीचे वाळलेले लहान ढेकूळ अलगद सोडावे आणि पेला न हलवता दोन तास ठेवावा. ढेकूळ नुसते फुटले, पण पाणी स्वच्छ राहिले तर चिंता कमी. ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर माती विस्कटू लागली आहे, असे समजावे. चाचणीसाठी विहिरीचे पाणी वापरू नये, त्यातील क्षारांमुळे दोष झाकला जातो.

नकाशा आणि स्वतःची विहीर

नकाशा परिसराचा कल सांगतो, प्रत्येक विहिरीची हमी देत नाही. बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींत खोलीमुळे किंवा वाळूच्या एखाद्या पट्ट्यामुळे मोठा फरक असू शकतो. त्यामुळे नकाशावर ‘चांगल्या’ भागात असलेल्या शेतकऱ्यानेही आपल्या पाण्याची एकदा संपूर्ण आयन तपासणी करून घ्यावी आणि ‘वाईट’ भागातील शेतकऱ्याने न तपासता आशा सोडू नये.

उपसा वाढला, पातळी खाली गेली किंवा नवे कालवे आले की पाण्याची प्रत बदलते. त्याच विहिरी, त्याच महिन्यात, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासल्या तरच हा बदल कळतो. गावातील दहा-बारा विहिरी कायमस्वरूपी निरीक्षणासाठी ठरवून त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास पुढच्या शेतकऱ्याला कूपनलिकेचे यंत्र बोलावण्यापूर्वी पाहण्यासारखे काहीतरी हाती असेल. खारपाण पट्ट्यातील पूर्वजांनी अनुभवाने एक नाव दिले. त्या नावाखाली नेमके कोणते पाणी दडले आहे, हे आता गावोगाव, विहीरनिहाय लिहून ठेवण्याची गरज आहे.